आधी ओढ, मग बघ

बँकेचं शटर अर्ध्यावर आलं होतं आणि नविन मागच्या खोलीत, झाडू आणि पाण्याच्या जारच्या मध्ये उभा राहून, रोजच्यासारखी बंदूक रिकामी करायला लागला होता. हे काम तो अर्धं लक्ष एसटीच्या वेळेवर ठेवून करायचा. नळीखालची लाकडी मूठ डाव्या हाताने जराशी मागे ओढून बघायची, ती सैल सरकली म्हणजे नळीत काही नाही. मग खालच्या नळकांड्यातली काडतुसं अंगठ्याने एकेक काढून पिशवीत टाकायची. आज मूठ सरकली नाही. त्याने पुन्हा ओढली. ती गच्च बसली होती. पंपगनची रीतच अशी, की नळीत काडतूस चढलं की मूठ आपली आपण अडकते आणि कळ दाबल्याशिवाय हलत नाही. नविनने कळ दाबली, मूठ मागे ओढली आणि एक लाल, जाडजूड काडतूस बाजूच्या फटीतून उडून फरशीवर पडलं आणि घरंगळत जारच्या स्टँडखाली गेलं.

ते उचलायला तो लगेच वाकला नाही. सकाळपासून ही बंदूक त्याच्या हातातून सुटली नव्हती. डबा खाताना ती मांडीवर आडवी असायची आणि मोरीत जाताना खांद्यावर. म्हणजे काडतूस नळीत कुणी चढवलं हे शोधायला पोलीस बोलवायची गरज नव्हती. बँकेच्या दारातल्या बंदुकीचं पोट भरलेलं आणि तोंड रिकामं, हा सिक्युरिटी एजन्सीचा पहिला नियम. मूठ मागे ओढून पुढे ढकलली, खट्-खटाक, की पोटातलं एक काडतूस तोंडात येतं आणि मग चाप दाबायचा तेवढा उरतो. इतक्या वर्षांत बँकेच्या आत त्याने ती मूठ तशी कधीच मारली नव्हती. त्याने घाईघाईने सेफ्टीचं बटण चाचपलं. ते लावलेलंच होतं, सकाळी घरून निघताना लावलेलं तसंच. देवाची कृपा, असं तो पुटपुटला. मग त्याच्या लक्षात आलं, की सेफ्टी लावलेली होती म्हणूनच आता काही कळायचा मार्ग नाही. सेफ्टी असताना चाप दाबला तर तो दबत नाही, आवाज होत नाही, मागे खूण राहत नाही. मूठ मारली हे बंदुकीने सांगितलं होतं. बोट चापावर गेलं होतं का, हे ती सांगणार नव्हती.

धक्का सकाळी आला होता. दिवाळीनंतर तलासरी-धुंदलवाडीच्या बाजूची जमीन हलायला लागली होती, ती फेब्रुवारी उजाडला तरी थांबायचं नाव घेत नव्हती. लोकांनी घरासमोर ताडपत्र्या ताणून संसार अंगणात आणले होते. आज किती आले, असं एकमेकांना विचारणं हे नमस्कारासारखं झालं होतं आणि चहाच्या टपरीवर तर धक्का आल्यावर कोण किती उडी मारतो याची नक्कल चालायची. पण आजचा मोठा होता. आधी जमिनीखालून आवाज आला, जवळच कुणी खाणीत सुरुंग उडवावा तसा, आणि पाठोपाठ फरशीने तळपायाला खालून दणका दिला. ट्यूबलाइट झुलली. काउंटरची काच किणकिणली. कॅशियर रुपल ‘ओ मा’ म्हणत टेबलाखाली गेली आणि रांगेतली सगळी माणसं दाराकडे, म्हणजे नविनकडेच, धावत आली. हे सगळं त्याला लख्ख आठवत होतं. कुणाच्या तरी पायातली चप्पल हवेत उडालेली आठवत होती. आणि रांगेच्या पुढच्या टोकाला उभी असलेली ती म्हातारी. निराधार योजनेचे पैसे काढायला येणारी, काटकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत. ती धावली नाही. ती जागच्या जागी फरशीवर बसली आणि तिने नविनकडे बघितलं. गर्दी दोन्ही बाजूंनी निसटून गेली आणि मधल्या रिकाम्या जागेत ती दोघंच उरली, ती बघते आहे आणि तो उभा आहे. आपले हात तेव्हा कुठे होते, हे मात्र नविनला काही केल्या आठवेना. त्याच्या आठवणीत हात नव्हतेच.

“नविनभाऊ, एसटी जाएल हां!” बाहेरून मॅनेजर जिग्नेशसाहेबांनी हाक मारली. नविनने गुडघ्यावर बसून काडतूस बाहेर ओढलं, पँटला पुसलं आणि पिशवीत टाकलं. साहेब दारातच उभे होते, खुशीत. “सगळे पळाले, मी पण पळालो, खोटं कशाला बोलू. कॅश उघडी, तिजोरी उघडी. तुम्ही एकटे जागचे हलला नाहीत. मी वर कळवलंय. शाल-श्रीफळ तर झालंच पाहिजे.” नविनच्या तोंडावर आलं होतं, की साहेब, हललो नाही असं नाही, एक गोष्ट हलली. पण साहेबांचा चेहरा इतका मोकळा होता आणि शाल-श्रीफळ हा शब्द इतका गुळगुळीत होता, की त्याने नुसती मान हलवली. मग रस्त्याला लागल्यावर तो स्वतःवरच चिडला. सांगितलं असतं तर काय झालं असतं? बंदूक गेली असती, नोकरी गेली असती. नोकरी गेली असती एवढंच नाही, त्याला वाटलं, आपल्याबद्दल आपल्याला जे माहीत नाही ते त्यांना माहीत झालं असतं.

एसटीत त्याच्या शेजारची जागा नेहमीसारखी रिकामी राहिली. बंदूक कॅनव्हासच्या खोळीत असली तरी लोकांना कळतं. उभे राहतील, लोंबकळतील, पण टेकणार नाहीत. पूर्वी त्याला याची गंमत वाटायची. योगिताला, बायकोला, तो म्हणायचा, दोन सिटांचा राजा आहे मी. आज चारोटी नाका येईपर्यंत तो त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. त्याच्याकडे आधी दुनळी होती, घोलवडच्या चिकूच्या वाडीवर राखणीला होता तेव्हाची. ती साधी. मधोमध मोडायची, दोन भोकं समोर, भरली आहे की नाही हे आंधळ्यालाही कळावं. बँकेला लागल्यावर एजन्सीवाल्याने सांगितलं, ही म्हातारी विका आणि पंप घ्या, बँकांना तीच आवडते. दुकानदाराने काउंटरवर ती आडवी ठेवून तिचं असं कौतुक केलं होतं, की जणू घरात सून आणतोय. परदेशात साहेब लोक हिनेच बदकं मारतात, मातीच्या तबकड्या हवेत फेकून फोडतात, खेळ म्हणून. फौजेत हीच, दरवाजे उडवायला. पोलिसांत हीच, गर्दी पांगवायला. आणि मग त्याने मूठ मारून दाखवली होती, खट्-खटाक, आणि दुकानात चहा घेऊन आलेला माणूस कप घेऊन जागीच थिजला होता. दुकानदार हसला. “बघितलं? गोळी लागतच नाही. आवाजानेच काम होतं.” एजन्सीच्या ट्रेनिंगलाही निवृत्त हवालदाराने तेच सांगितलं. गर्दी अंगावर आली की तोंडाने बोलू नका, आधी हिला बोलू द्या. त्यांनी रांगेने सगळ्यांकडून मूठ मारून घेतली होती आणि नविनच्या पाशी थांबून विचारलं होतं, “कुठला तू? हात फार साफ चालतो.” नविन म्हणाला होता, नरपडचा, माच्छी आहे सर. “म्हणूनच,” हवालदार म्हणाले होते, “दोरी ओढलेला हात.”

दोरी ओढलेला हात. खिडकीबाहेर वीटभट्ट्या मागे पडत होत्या आणि नविनला बाप दिसत होता, हिरू तांडेल, होडीच्या कडेला एक पाय टेकून बसलेला. बाप बोलायचा कमी आणि शिकवायचा एकच गोष्ट. गळाची दोरी डाव्या हातातून पाण्यात सोडलेली असायची, बोटांवरून, सैल. तासन्‌तास काही नाही. डोळा लागायला आला, ऊन डोक्यावर आलं, तरी दोरी बोटांवर पाहिजे. आणि झटका लागला की ओढायचं. कसला झटका, खडकाचा की माशाचा की लाटेचा, याचा विचार करायचा नाही. “आदी वड, मंग बग,” बाप म्हणायचा. “बगत बसला तो उपाशी मेला.” नविन चुकला की तो हाताच्या पाठीवर दोरीच्या टोकाने चापट मारायचा. असं करत करत एक दिवस हाताने डोक्याला विचारणं सोडून दिलं. त्या दिवशी बाप पुढे वाकून अडकलेला गळ सोडवत होता. त्याच्याच हाताने दोरीला हिसका बसला आणि इकडे नविनने खाडकन ओढली. गळ बापाच्या अंगठ्यात आरपार गेला. नविन रडायला लागला. बापाने अंगठ्याकडे बघितलं, मग पोराकडे बघितलं आणि त्याचा चेहरा असा फुलला, की जन्मात एवढा कधी फुलला नसेल. रक्त गळत होतं आणि तो म्हणत होता, “आता तुजा हात झाला. आता तुजा हात झाला रं.” त्या संध्याकाळी बंदरावर ज्याला त्याला तो अंगठा दाखवत फिरला होता. पुढे होडी गेली, बाप गेला, नविनच्या हातात दोरीच्या जागी आधी वाडीची कुदळ आणि मग बंदूक आली. हात तोच राहिला. आणि बंदुकीची ती मूठ, आता त्याला नवल वाटलं की हे आधी कसं सुचलं नाही, ती बरोबर दोरीच्याच जागी होती.

घरी योगिता ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. बंदूक लोखंडी कपाटात गेली, कुलूप लागलं, चावी देवामागे गेली. नविन तिच्यासमोर बसला आणि आपले हात उलटेसुलटे करून बघायला लागला.

“काय, मेंदी काढायचीय?” योगिता म्हणाली.

त्याने तिला सांगितलं. सगळं नाही, काडतुसाचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं नाही. योगिताने हात थांबवले. ती कोळणीची जात, सहजी घाबरणारी नव्हती, पण तिने पदराला हात पुसले आणि विचारलं, “कुणावर धरलेली?”

“तेच तर आठवत नाही,” तो म्हणाला. नळीसमोर म्हातारीच उरली होती, हे त्याने गिळलं.

“वाजली नाही ना? मग झालं. माझा बाप झोपेत वल्हं मारायचा, आईच्या बरगडीत बसायचं. म्हणून काय त्याला कुणी होडीवरून उतरवला?” एवढं बोलून ती पुन्हा बोंबलांकडे वळली, पण थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, “तुला बघायचंच आहे ना हात काय करतो ते? वळ तिकडे. मी मागून परात पाडते.” नविन खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात बंदूक धरल्यासारखे. मागे शांतता. योगिताच्या बांगड्या वाजल्या. परात दणाणली, शेजारचं कुत्रं भुंकलं आणि नविनचे हात होते तसेच राहिले, देवळातल्या द्वारपालासारखे. “बघ,” ती म्हणाली, “उगाच.” तिने पुन्हा पाडली, मग न सांगता पाडली, जेवताना पाडली, अंथरूण घालताना पाडली आणि शेवटी दोघंही हसायला लागली. पण नविनला ते पटलं नव्हतं. परात पडणार हे डोक्याला माहीत होतं आणि डोकं जागं असेपर्यंत तो हात बाहेर येणारच नव्हता. तो न बोलावता येणाराच होता.

मग दिवस गेले. धक्के चालूच होते, बारीक बारीक, कप हलवण्याएवढे, आणि तेवढ्यांनी हाताला जाग येत नव्हती. सत्कार झाला. शाल टोचरी होती. साहेब भाषणात म्हणाले, जमीन हलली पण आमचे नविनभाऊ हलले नाहीत, आणि टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या दिवशी रांगेत असलेली माणसं होती आणि त्यातल्या एकानेही नळी बघितली नव्हती, कारण त्यांना उघड्या दाराशिवाय काही दिसत नव्हतं, आणि मुठीचा आवाज त्या गोंधळात बुडाला होता. बघितलं होतं त्या म्हातारीने एकटीनेच. ती बँकेत आली नाही. तिची यायची वेळ झाली, आली नाही; आठवडा उलटला, आली नाही. नविन दारात उभा राहून तिची वाट बघायचा आणि ती येऊ नये असंही त्याला वाटायचं. तिच्या जागेवरून तो स्वतःला बघायला लागला होता. फरशीवर बसलेलं माणूस, समोर खाकी कपड्यांतला धिप्पाड गडी आणि दोघांच्या मध्ये ते काळं भोक. आपल्याच बंदुकीचं तोंड समोरून कसं दिसतं हे त्याने कधी बघितलं नव्हतं. आता ते त्याला भाताच्या ताटात दिसायचं. का तिच्यावर? तो स्वतःला विचारायचा. धावत आलेल्यांवर धरली असती तर निदान ट्रेनिंग म्हणता आलं असतं. की धरली होती धावणाऱ्यांवरच, आणि ते बाजूला झाल्यावर मागे ती उरली? म्हणजे घाबरून जीव वाचवायला दाराकडे येणारी आपल्याच मुलखातली माणसं आपल्या हाताला दरोडेखोर वाटली? त्याला लाज वाटली, नुसती सरळ लाज.

मार्चमध्ये निवडणूक लागली तेव्हा त्याला क्षणभर सुटल्यासारखं झालं. आचारसंहितेत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. मागच्या खेपेला, दुनळी असताना, चौदा साली, त्याने ती जमा केली होती आणि ते सगळे दिवस हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. कधी खिशात, कधी पाठीमागे, लग्नातल्या नवऱ्यासारखे. पण झोप गाढ लागायची. या वेळी साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, “घाबरू नका, बँकेच्या गनमनला सूट असते, मी अर्ज टाकला पण.” नविन थँक्यू साहेब म्हणाला. दुपारी त्याने रुपलला सहज विचारल्यासारखं विचारलं, ती निराधारवाली डोकरी, त्या धक्क्याच्या दिवशी खाली बसलेली, ती आली नाही का नंतर? रुपलने नोटा मोजायचं मशीन थांबवलं. “शुक्रीबेन? धुंदलवाडीकडची. नाही ना आली. घाबरली असेल बिचारी.” नविन वळून दाराशी परत गेला. घाबरली असेल. कशाला, ते रुपलला कुठे माहीत होतं.

रविवारी तो बंदूक कपाटात ठेवून, साध्या शर्टात, धुंदलवाडीच्या फाट्यावर उतरला. काय बोलायचं हे त्याने एसटीत पाठ केलं होतं. आजी, त्या दिवशी मी तुझ्यावर बंदूक धरली. मला माफ कर. आणि मग विचारायचं, तू समोर होतीस, तुला दिसलं असेल, माझं बोट कुठे होतं? एवढंच त्याला हवं होतं. ती म्हणाली चापावर नव्हतं, तर तो उद्यापासून मान वर करून दारात उभा राहील. ती म्हणाली होतं, तर पुढचं काय ते त्याने ठरवलं नव्हतं. पाड्यावर दुपारची सामसूम होती. कुडाची घरं रिकामी आणि त्यांच्यासमोर, मोकळ्यावर, निळ्या ताडपत्र्या. एका ताडपत्रीखाली एक बाई तांदूळ पाखडत होती. ती शुक्रीची सून, जानी. तिने त्याला पाणी दिलं आणि मोहाच्या झाडाखाली बोट दाखवलं. “ती बगा बसलीय. तिला मोठ्याने बोला.”

शुक्री बाजेवर बसली होती. तोच चेहरा, तीच बघायची रीत, मान थोडी वर आणि डोळे सरळ त्याच्यावर. नविन बाजेपासून चार पावलांवर थांबला.

“कोन रं?” ती म्हणाली.

“बँकेतला, आजी. तलासरीच्या. दारात असतो तो.”

“दारातला!” म्हातारीचं तोंड उघडलं, दात नव्हते, हसू मात्र भरपूर होतं. “जानी, गो जानी, दारातला आला! बस रं बाबा, हितं बस. घरात नको जाऊ, घराचा भरोसा नाय.” तिने चाचपत बाजेवर जागा केली आणि ती चाचपणी बघून नविनला पहिल्यांदा काहीतरी वेगळं वाटलं.

“आजी, त्या दिवशी तू माझ्याकडे बघत होतीस,” तो म्हणाला. पाठ केलेलं सगळं गळून गेलं होतं. “धक्का आला तेव्हा. तुला काय दिसलं?”

“माना काय दिसतां रं? एक डोला गेला, दुसऱ्यात धुकां.” तिने डोळ्यापुढे हात फिरवला. “सगली पलाली. माना कलना कुठां जावां. तं दारात एक मानूस दिसला, काला, उंच, उभा. सगला हलतां, तो नाय हलत. मी म्हनलां, हा उभा हाय तं दार पडायचा नाय. आपन हितंच बसू, याच्याकडं बगत. म्हनून मी वाचली. नाय तं त्या गर्दीत मेली असती तुडवून.”

“माझ्या हातात काय होतं, ते दिसलं?”

“काठी होती ना?”

“बंदूक होती, आजी.”

“असंल. बँकेचा पैसा, बंदूक लागंल.” तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, हलका, वाळलेला. “तवापासून जानी नेत नाय माना. म्हनते, डोकरे, छपराखाली जाऊ नको. मी म्हनते, दारातला हाय ना. आता उद्या जायचां ठरलां. तू असशील ना रं?”

नविनला इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी, हेही खरं, थोडं बरंही वाटलं. कुणालाच माहीत नव्हतं. जगात एकही माणूस नव्हतं ज्याने ते भोक बघितलं होतं. असेन आजी, असं म्हटलं की संपलं. त्याने ते म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला.

तो दणका बँकेतल्या त्या धक्क्याएवढाच होता. बाज उचलून आपटली. ताडपत्री फडफडली, जानीचं सूप उडालं, तांदूळ पांढरे पसरले, कुठेतरी कोंबड्या एकदम ओरडल्या. मग सगळं थांबलं. नविन उभा होता. कधी उठला हे त्याला माहीत नव्हतं. त्याने खाली बघितलं. डावा हात मूठ वळून पुढे गेला होता, मागे येऊन पुन्हा पुढे गेलेला, खांद्यात अजून ओढ होती. उजवा हात कमरेशी होता, तीन बोटं कशावर तरी आवळलेली. आणि पहिलं बोट, इतर बोटांपासून वेगळं, तळव्यापर्यंत पूर्ण आत वाकलेलं. ते दाबून झालेलं होतं. त्याने ते सरळ करायचा प्रयत्न केला तर होईना.

समोर, हाताभरावर, शुक्री बाजेवर बसलेली होती. तशीच, मान वर करून, त्याच्याकडे बघत. “हाय ना रं तू?” ती म्हणाली. “उभाच हाय ना?”

“आहे,” नविन म्हणाला.

तिने हवेत चाचपत त्याचा उजवा हात पकडला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या बोटांना ते वाकलेलं बोट लागलं. “भ्याला तू,” ती म्हणाली, हसली नाही. “बग कसा आवललाय. सोड. गेला तो आता. सोड रं.” आणि ती ते बोट सरळ करायला लागली, एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने चोळत, नातवंडाचं करावं तसं. नविनने ते तिच्या हातात राहू दिलं. पलीकडे जानी मातीतून तांदूळ गोळा करत होती.

“आजी, उद्या मी दारात नसेन,” तो म्हणाला.

“मंग मी पन नाय जायची,” शुक्री म्हणाली आणि बोट चोळत राहिली.